सव्विसाव्या वर्षी अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटीत जायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मग चार वर्षं नोकरी, नंतर अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं, आणि आता सव्विसाव्या वर्षी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात बीएसच्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा. वर्गातली मुलं एकोणीस-वीसची. फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या ग्रीक अक्षरांच्या नावाच्या सदस्यसंघटनेत, जावंसं वाटतं. घेतील का, घेतलं तर जमेल का, खर्च किती?

वयाचा नियम आड येणार नाही. बहुतेक सोशल फ्रॅटर्निटींच्या घटनेत वयाची वरची मर्यादाच नसते. त्यांना हवा असतो त्या कॅम्पसवरचा पदवीपूर्व विद्यार्थी, बहुतेक ठिकाणी फुल-टाइम, म्हणजे सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घेणारा. एफ-१वर तेवढी क्रेडिट तुम्हाला एरवीही घ्यावीच लागतात. जीपीएची, म्हणजे चारपैकी मोजलेल्या गुणसरासरीची, अट साधारण २.५ ते ३.० यांच्या दरम्यान असते आणि ती प्रत्येक चॅप्टरची, म्हणजे त्या फ्रॅटर्निटीच्या कॅम्पसवरच्या शाखेची, वेगळी असते. शिवाय तुम्ही याआधी दुसऱ्या कुठल्या सोशल फ्रॅटर्निटीचे दीक्षित सदस्य झालेले नसावेत.

ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या, विद्यार्थ्याची गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी. कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट नव्या विद्यापीठाच्या नोंदीत चढायला कधीकधी ऑक्टोबर उजाडतो, आणि रश, म्हणजे भरतीचे दोन-तीन आठवडे, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उरकून जातात. फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींचा, म्हणजे मुलींच्या अशाच संघटनांचा, कारभार पाहणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यालयात पात्रतेची यादी तयार होते तेव्हा तुमच्या नावापुढे शून्य क्रेडिट आणि कोरा जीपीए दिसतो, आणि नाव गळतं. चॅप्टरला बिड, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण, द्यायची इच्छा असूनही देता येत नाही. म्हणून वर्ग सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात जुन्या कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट घेऊन त्या कार्यालयात स्वतः जा आणि ‘ट्रान्सफर क्रेडिट पात्रतेत धरता का?’ हे विचारा. काही विद्यापीठांत पहिल्याच सेमिस्टरला कुणालाही भरती होता येत नाही; त्या कॅम्पसवर १२ क्रेडिट आधी पूर्ण करावी लागतात. त्यातून ट्रान्सफर विद्यार्थ्यांना अनेकदा सूट असते, पण ती मागावी लागते.

आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या बऱ्याच मुलांना हे लागू होत नाही, कारण ती एमएसला जातात. सोशल फ्रॅटर्निटी बहुतांशी पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीच असतात. एमएस करणाऱ्याने रशला जाऊन वेळ घालवू नये. त्याच्यासाठी दुसरे रस्ते आहेत, ते पुढे येतील.

मोठ्या वयाचा सदस्य ही काही नवी गोष्ट नाही, हे मनात पक्कं असू द्या, कारण रशमध्ये सगळ्यात जास्त नडतो तो संकोच. अकेशिया ही फ्रॅटर्निटी १९०४ साली मिशिगन विद्यापीठात निघाली ती मास्टर मेसन, म्हणजे फ्रीमेसन संघटनेचे पूर्ण सदस्य, असलेल्या विद्यार्थ्यांची म्हणून, त्यामुळे तिचे सुरुवातीचे सदस्य मुळातच वयाने थोराड होते. १९४४च्या जीआय बिलानंतर, म्हणजे सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या कायद्यानंतर, दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सुमारे २२ लाख सैनिक कॉलेजांत दाखल झाले. त्या वर्षांत फ्रॅटर्निटींच्या घरांत, म्हणजे सदस्यांच्या सामाईक निवासांत, पंचविशी ओलांडलेली माणसं सर्रास राहत. आणि १९६३ साली मॉर्गन स्टेट कॉलेजात आयोटा फाय थीटा ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी ज्या बाराजणांनी काढली, त्यांतले अनेक बरोबरच्या मुलांपेक्षा तीन ते पाच वर्षांनी मोठे, लष्करात राहून आलेले, काही पूर्ण वेळ नोकरी आणि संसार सांभाळून शिकणारे होते.

आता मुख्य मुद्दा. चॅप्टरच्या मतदानात तुमच्या नावावर चर्चा होते तेव्हा ‘हा सव्वीसचा आहे’ यापेक्षा ‘हा किती दिवस आपल्यात राहणार?’ हा प्रश्न जड असतो. अठरा वर्षांचा मुलगा घेतला तर तो सात-आठ सेमिस्टर ड्यूज, म्हणजे सदस्य वर्गणी, भरतो, पदं सांभाळतो, पुढची भरती करतो. तुमच्याकडे चार सेमिस्टर आहेत. त्यातलं पहिलं नव्या सदस्याच्या सहा-आठ आठवड्यांत जातं आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत इनिशिएशन, म्हणजे पूर्ण सदस्य करून घेण्याचा विधी, होतं. शेवटचं सेमिस्टर नोकरी शोधण्यात आणि ओपीटीच्या, म्हणजे पदवीनंतर काही काळ काम करण्याच्या परवानगीच्या, कागदपत्रांत जातं. हातात खरीखुरी दोन सेमिस्टर उरतात. तुम्ही ‘आधी अभ्यासात रुळतो, मग बघू’ म्हणून एक वर्ष थांबलात तर काहीच उरत नाही. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बिड मिळणं फार अवघड, आणि मिळाली तरी फी भरून एक फोटो आणि चार टी-शर्ट पदरात पडतात. जायचं तर पहिल्याच फॉलला, म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सेमिस्टरला, फार तर जानेवारीतल्या स्प्रिंग रशला. स्प्रिंगची भरती लहान असते, गर्दी कमी, गप्पांना वेळ जास्त, त्यामुळे ट्रान्सफर मुलांना ती अनेकदा सोयीची पडते. पण मग अर्धं वर्ष हातचं गेलेलं असतं.

याच हिशोबातून तुमची बाजू मांडायची. बऱ्याच चॅप्टरमध्ये पदाधिकाऱ्यांची निवडणूक नोव्हेंबरच्या सुमारास होते आणि नवी मंडळी जानेवारी ते डिसेंबर काम पाहतात. चार वर्षं नोकरी केलेल्या माणसाला खजिनदार, घराची देखभाल किंवा सेवाकार्याचा समन्वय अशी कामं पहिल्या दिवसापासून जमतात, आणि विशीतल्या मुलांना नेमकी तीच नकोशी असतात. रश चेअरशी, म्हणजे भरतीप्रमुखाशी बोलताना सरळ सांगा: माझ्याकडे चार सेमिस्टर आहेत, जानेवारीपासून एक पद पूर्ण वर्ष सांभाळायची तयारी आहे. हे वाक्य मतदानाच्या खोलीत तुमच्या वतीने पुन्हा उच्चारलं जाईल, म्हणून ते छोटं आणि पक्कं असू द्या.

चॅप्टर निवडताना घरासमोरचे खांब आणि पार्ट्यांची ख्याती बाजूला ठेवून तीन कागद वाचा. पहिला, विद्यापीठाचा हेझिंगचा, म्हणजे नव्या सदस्यांच्या छळाचा, अहवाल. डिसेंबर २०२४मध्ये ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’ हा केंद्रीय कायदा झाला. त्यामुळे दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची नावं, काय घडलं आणि काय कारवाई झाली हे कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. दुसरा, चॅप्टरनिहाय जीपीएची यादी, जी बरीच विद्यापीठं दर सेमिस्टरला प्रसिद्ध करतात. ज्या चॅप्टरचा सरासरी जीपीए सगळ्या पुरुष विद्यार्थ्यांच्या सरासरीच्या खाली आहे तिथे परीक्षेच्या आठवड्यात तुम्हाला कुणी शांतपणे बसू देणार नाही. तिसरा, त्या चॅप्टरची सध्याची मान्यता: पूर्ण, प्रोबेशनवर की निलंबित. निलंबित चॅप्टर कॅम्पसबाहेर ‘अंडरग्राउंड’ चालू राहतात आणि नव्या ट्रान्सफर मुलाला ते कळत नाही. तिथे ना विमा असतो ना कुणाची देखरेख. विद्यापीठाच्या यादीत नाव नसेल तर त्यांच्या दारात जाऊ नका.

मग आकार. दीडशे जणांच्या चॅप्टरमध्ये पहिल्या वर्षाची मुलं लोंढ्याने येतात, वसतिगृहातल्या ओळखींवर बिड वाटल्या जातात आणि ट्रान्सफर विद्यार्थी अनोळखीच राहतो. वीस ते पन्नास जणांचं चॅप्टर तुमच्यासाठी बरं. त्यातही तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं मीटिंगला येतात का ते पाहा. जिथे एकविशी ओलांडल्यावर सगळे बाहेर राहायला जातात आणि फिरकत नाहीत, तिथे तुमच्या गप्पांचा जोडीदार मिळणार नाही.

माझ्या मते मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला सगळ्यात चांगली संधी नव्याने उभ्या राहणाऱ्या चॅप्टरमध्ये असते. याला पूर्वी कॉलनी म्हणत, आता वेगवेगळी नावं आहेत. एखादी राष्ट्रीय फ्रॅटर्निटी कॅम्पसवर पहिल्यांदा येते किंवा बंद पडलेलं चॅप्टर पुन्हा सुरू करते, तेव्हा मुख्यालयाचे दोन-तीन पगारी कर्मचारी काही आठवडे येऊन राहतात, माणसं हेरतात, मुलाखती घेतात. त्यांना जबाबदारी पेलणारी माणसं हवी असतात, आणि तिथे आधीची उतरंड नसते, त्यामुळे एकोणीस वर्षांच्या कुणाच्या हाताखाली आठ आठवडे काढायचा प्रश्न येत नाही. मोबदल्यात काम भरपूर. पूर्ण चॅप्टर म्हणून मुख्यालयाची सनद मिळेपर्यंत ठरावीक सदस्यसंख्या, जीपीए, सेवेचे तास, हिशोब, विमा आणि घटना हे सगळं उभं करावं लागतं, आणि त्याला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. संख्या भरली नाही तर सनद मिळत नाही. अशा गटात शिरण्याआधी मुख्यालयाच्या माणसाला दोन गोष्टी विचारा: सनदेसाठी किती सदस्य लागतात, आणि इथे याआधी चॅप्टर होतं का, असल्यास का बंद पडलं. दुसऱ्या प्रश्नावर तो घुटमळला तर विद्यापीठाच्या कार्यालयात विचारा. तिथे फाइल असते.

दुसरी चांगली शक्यता म्हणजे प्लेजिंग, म्हणजे पूर्ण सदस्य होण्याआधीची उमेदवारी, नसलेल्या फ्रॅटर्निटी. झीटा बीटा टाउने प्लेजची पद्धत १९८९ साली बंद केली, सिग्मा फाय एप्सिलॉनने १९९१ला ‘बॅलन्स्ड मॅन’ हा चार वर्षांचा कार्यक्रम आणला, सिग्मा अल्फा एप्सिलॉनने २०१४ला उमेदवारीचा काळच काढून टाकला. अशा ठिकाणी बिड घेतल्यावर लवकरच पूर्ण सदस्याचे हक्क मिळतात. दोनच सेमिस्टर हाताशी असलेल्या माणसाला वाचलेले आठ आठवडे मोलाचे. मात्र मुख्यालयाचा नियम आणि स्थानिक चॅप्टरची सवय यांत अंतर असू शकतं. ‘पहिले सहा आठवडे माझा आठवडा कसा असेल?’ असं दोन वेगवेगळ्या सदस्यांना वेगवेगळं विचारा आणि उत्तरं जुळतात का पाहा.

दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटींबद्दल आपल्या मुलांना हमखास कुतूहल असतं. आयोटा न्यू डेल्टा (बिंगहॅम्टन, १९९४), सिग्मा बीटा ऱ्हो (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, १९९६), डेल्टा एप्सिलॉन साय (टेक्सस विद्यापीठ, ऑस्टिन, १९९८) आणि बीटा काय थीटा (यूसीएलए, १९९९) ही त्यांतली ठळक नावं. यांची चॅप्टर साधारणपणे लहान असतात, मोठं घर बहुधा नसतं, म्हणून खर्च कमी. पण इथे एका गोष्टीची आधीच तयारी ठेवा. सदस्य बहुतांशी अमेरिकेत जन्मलेले किंवा लहानाचे मोठे झालेले असतात. त्यांचं भारतीयपण घरातलं, आजी-आजोबांकडून आणि नाचाच्या स्पर्धांतून आलेलं. तुमचं नाशिक-सोलापूरच्या रस्त्यावरचं. वयाच्या सहा वर्षांपेक्षा हे अंतर पहिल्या महिन्यात जास्त जाणवतं. दोन्ही बाजूंनी थोडा धीर धरला तर मैत्री छान जमते. इथली भरतीची भाषाही वेगळी आहे: नव्या सदस्यांच्या तुकडीला ‘लाइन’, सदस्य होण्याला ‘क्रॉस’ होणं आणि नंतरच्या जाहीर सादरीकरणाला ‘प्रोबेट’ म्हणतात. उमेदवारीचा काळ अनेकदा गुप्त ठेवला जातो. गुप्त विधी असायला हरकत नाही. रात्री कुठे नेणार, किती वाजता सोडणार हे मात्र गुप्त असता कामा नये.

रशमध्ये कसं वागायचं? वय लपवू नका आणि त्याचं भाषणही करू नका. ‘मी आधी चार वर्षं कारखान्यात काम केलं, म्हणून थोडा उशिरा आलोय’ एवढं पुरे, आणि लगेच समोरच्याला त्याच्याबद्दल विचारा. मोठ्या मुलांच्या हातून नेहमी होणारी चूक म्हणजे सल्ला देणं. एकोणीस वर्षांचा मुलगा इंटर्नशिपची काळजी बोलून दाखवतो आणि आपण नकळत काकांच्या आवाजात रेझ्युमे कसा लिहावा ते सांगू लागतो. त्या रात्री मतदानात शब्द येतो, ‘चांगला माणूस आहे, पण आपल्यातला वाटत नाही.’ विचारलं तरच सांगा, आणि दोन वाक्यांत. दुसरी चूक म्हणजे हात सैल सोडणं: सगळ्यांचं जेवण आपण भरणं, आपली गाडी दर शनिवारी देणं. आपल्याकडे मोठ्याने पैसे काढायचे असतात, पण इथे त्यातून तुम्ही मित्र न ठरता सोय ठरता.

नात्यांची उलटापालट हाही आपल्या मनाला बोचणारा भाग. मराठी घरात दादा वयाने ठरतो. फ्रॅटर्निटीत थोरलं-धाकटं ठरतं ते सदस्य कुठल्या तुकडीत झालात यावरून. तुमचा ‘बिग ब्रदर’, म्हणजे तुम्हाला नेमून दिलेला जुना सदस्य, वीस वर्षांचा असेल, नव्या सदस्यांना शिकवणारा कदाचित एकोणीसचा, आणि तो तुम्हाला संस्थेचा इतिहास, ग्रीक मुळाक्षरं आणि संस्थापकांची नावं पाठ करायला लावेल. हे मनापासून मान्य असेल तरच पाऊल टाका. मनातून पटलं नसेल तर ते चेहऱ्यावर दिसतं, आणि बरोबरच्या तुकडीतल्या लहान मुलांनाही त्याचा त्रास होतो. बिग ब्रदरसाठी पसंती विचारतात तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षाची नावं द्या, शक्यतो तुमच्याच शाखेतली. अभ्यास, लॅब, नोकरी यांच्या गप्पा तिथे आपोआप जुळतात.

वेळ किती जातो? उमेदवारीच्या आठवड्यांत सहा ते दहा तास धरा: रविवार किंवा सोमवारची मीटिंग, एक वर्ग, सक्तीचे अभ्यासाचे तास, एखादा सेवेचा कार्यक्रम, एक सामना. पुढे चार-पाच तासांवर येतं. पद घेतलंत तर पुन्हा दहा. एफ-१वर कॅम्पसमध्ये आठवड्याला वीस तास काम करत असाल आणि पंधरा क्रेडिट घेत असाल तर उमेदवारीच्या सेमिस्टरला कामाचे तास कमी करावे लागतील. बिड स्वीकारण्याआधीच तुमचं वेळापत्रक दाखवा आणि कुठल्या कार्यक्रमांना हजेरी सक्तीची आहे ते लेखी घ्या. संध्याकाळच्या लॅबमुळे गैरहजर राहिल्याबद्दल दंड लावणारी चॅप्टर असतात.

पैशांचा अंदाज असा. घरात न राहणाऱ्या सदस्याचे ड्यूज कॅम्पसनुसार सेमिस्टरला साधारण ३०० ते १,५०० डॉलर. दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठांत त्याहूनही जास्त. समजा ड्यूज ६०० आहेत. चार सेमिस्टरचे २,४००. मुख्यालयाचं नव्या सदस्याचं आणि इनिशिएशनचं एकदाच भरायचं शुल्क ३५० धरा. वरखर्च, म्हणजे टी-शर्ट, सूट, फॉर्मल नावाचा वार्षिक समारंभ, पदरची वर्गणी, सेमिस्टरला दीडशे. एकूण ३,३५० डॉलर. त्यात विमा धरलाय का, घर असल्यास बाहेर राहणाऱ्यांकडून वेगळं शुल्क घेतात का, हप्ते पाडून मिळतात का, हे खजिनदाराला विचारा आणि त्याने दिलेला कागद सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. सेमिस्टरच्या मध्यात सोडलं तरी त्या सेमिस्टरचे ड्यूज सहसा माफ होत नाहीत. थकबाकी वसुली संस्थेकडे गेली की नुकतीच सुरू झालेली तुमची क्रेडिट हिस्टरी खराब होते, आणि पुढे भाड्याचं घर घेताना ते भोवतं.

घरात राहण्याबद्दल: काही चॅप्टरमध्ये इनिशिएशननंतर एक वर्ष घरात राहणं सक्तीचं असतं. तुमचं वय, लग्न झालं असल्यास जोडीदार, किंवा आधीच केलेला भाडेकरार ही कारणं दाखवून सूट मिळते. ती बिड घेण्याआधी आणि लेखी मागा. तोंडी कबूल करणारा अध्यक्ष डिसेंबरात बदलतो. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: खजिनदार, घराचा व्यवस्थापक किंवा स्वयंपाकघर सांभाळणारा यांना काही ठिकाणी भाड्यात किंवा जेवणात सूट देतात. पैसे हातात आले नाहीत तरी कामाच्या बदल्यात मिळालेली सूट हा मोबदला ठरू शकतो, आणि एफ-१वर कॅम्पसबाहेरचं विनापरवाना काम महागात पडतं. असं पद स्वीकारण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता दारू. याबद्दल मी कडक बोलणार आहे, कारण मोठ्या वयाच्या सदस्याला सर्वांत मोठा धोका इथेच आहे. १९८४च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळ्या राज्यांत दारू विकत घेण्याचं वय २१ आहे. चॅप्टरमध्ये निम्म्याहून जास्त मुलं त्याखालची असतात. तुम्ही सव्वीसचे, गाडी आहे, ओळखपत्र आहे. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी गोड बोलून ‘येताना बिअरचे दोन खोके घेऊन ये ना’ म्हणेल. नाही म्हणायचं. टेक्ससमध्ये एकवीसखालच्याला दारू पुरवणं हा वर्षभरापर्यंतच्या तुरुंगवासाचा आणि ४,००० डॉलरपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे. बाकी राज्यांतही तो गुन्हाच आहे. स्थानिक मुलगा दंड भरून सुटेल, पण एफ-१वाल्याच्या बाबतीत अटकेची नोंद पुढच्या व्हिसापर्यंत पाठलाग करते. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. गांजाचंही तसंच: राज्यात परवानगी असली तरी केंद्रीय कायद्यात नाही, आणि इमिग्रेशन केंद्राकडे आहे.

पहिल्या नकाराचं महत्त्व फार. बिड घेतानाच अध्यक्षाला एकट्याला गाठून सांगा: मी कुणासाठी दारू आणणार नाही, माझ्या नावावर हॉल किंवा केग, म्हणजे बिअरचं पिंप, घेणार नाही, माझ्या घरी पार्टी होणार नाही. नीट चाललेलं चॅप्टर हे आनंदाने ऐकतं, कारण त्यांचा विमा नियम पाळले तरच उपयोगी पडतो. नॉर्थ अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्स या फ्रॅटर्निटींच्या महासंघाच्या सदस्य संस्थांना सप्टेंबर २०१९पासून घरात १५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय चालत नाही, परवानाधारक विक्रेता असेल तरच अपवाद. तुम्हाला रशमध्येच स्वयंपाकघरात व्होडकाच्या बाटल्या दिसल्या तर नियम पाळले जातात की नाही याचं उत्तर मिळालं.

हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच, असं समजून लोक गाफील राहतात. महाराष्ट्रात १९९९चा रॅगिंगबंदीचा कायदा आहे, वसतिगृहातल्या कुठल्याही नव्या मुलाला छळलं तर तो लागू होतो. हेझिंग याहून फसवं आहे, कारण ते प्रवेशाची अट म्हणून येतं आणि मुलगा स्वतःहून हो म्हणतो. अनेक राज्यांच्या कायद्यांत ‘त्याची संमती होती’ हा बचाव चालत नाही, तो यामुळेच. फेब्रुवारी २०१७मध्ये पेन स्टेटमध्ये टिमोथी पियाझा हा एकोणीस वर्षांचा मुलगा बिड स्वीकारल्याच्या रात्री भरपूर दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला, आणि रुग्णवाहिका बोलावली गेली ती जवळजवळ बारा तासांनी. पेनसिल्व्हेनियात त्याच्या नावाने कायदा झाला. त्या प्रकरणात खटले भरले गेले ते एकेका सदस्यावर, नावानिशी.

तुम्ही वयाने मोठे आहात याचा अशा रात्री एकच अर्थ: खोलीत ९११ला फोन करण्याची हिंमत तुमच्यात असायला हवी. बेशुद्ध मुलाला कुशीवर वळवून ‘झोपू दे, उतरेल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बहुतेक राज्यांत मदत मागणाऱ्याला किरकोळ दारूगुन्ह्यांपासून संरक्षण देणारी तरतूद आहे. आणि तुम्ही स्वतः नवे सदस्य असताना झोप तोडणं, एकांतात उभं करणं, जबरीने खाऊ-पाजू घालणं, फोन काढून घेणं यांतलं काही सुरू झालं तर त्याच रात्री निघा. सव्विसाव्या वर्षी तुमच्याकडे अठरा वर्षांच्या मुलाकडे नसलेली एक गोष्ट आहे: निघून गेल्यावरही तुमचं आयुष्य भरलेलंच राहतं. तुम्ही उठलात की तुकडीतली आणखी दोघं उठतात.

विद्यार्थिनींसाठी चित्र जरा निराळं. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या २६ सोरॉरिटींची मुख्य भरती कोट्याने चालते आणि तिथे पहिल्या वर्षाच्या मुलींना झुकतं माप मिळतं. ती संपल्यावर ज्या चॅप्टरमध्ये जागा उरतात तिथे सेमिस्टरभर अनौपचारिक भरती चालू असते. ट्रान्सफर आणि वयाने मोठ्या मुलींनी तिच्यावर भर द्यावा. शिवाय बऱ्याच सोरॉरिटी शिक्षण संपलेल्या प्रौढ स्त्रियांनाही माजी विद्यार्थिनी गटामार्फत सदस्य करून घेतात. कृष्णवर्णीयांच्या नऊ ऐतिहासिक संस्थांमध्येही पदवीधरांची चॅप्टर आहेत आणि पदवीनंतर त्यांतून सदस्य होता येतं.

एमएसवाल्यांनी आणि ज्यांना सोशल फ्रॅटर्निटीचा पसारा नको त्यांनी व्यावसायिक आणि सेवाभावी संस्था पाहाव्यात. अल्फा फाय ओमेगा (१९२५) सेवेसाठी, थीटा टाउ (१९०४) अभियांत्रिकीसाठी, अल्फा कप्पा साय (१९०४) आणि डेल्टा सिग्मा पाय (१९०७) व्यवसायशिक्षणासाठी, फाय अल्फा डेल्टा (१९०२) कायद्यासाठी. यांत मुलं-मुली दोन्ही असतात, राहायचं घर सहसा नसतं, ड्यूज कमी. पदव्युत्तर विद्यार्थी चालतात का हे त्या-त्या चॅप्टरला विचारायचं. कम्युनिटी कॉलेजातच असाल तर फाय थीटा कप्पा ही सन्मान संस्था १२ क्रेडिट आणि साधारण ३.५ जीपीएवर बोलावते. ट्रान्सफरच्या शिष्यवृत्त्यांसाठी ती फार उपयोगी. आणि मराठी माणसांची ऊब हवी असेल तर ती जवळच्या महाराष्ट्र मंडळात मिळेल, तिथे वयाचा प्रश्नच येत नाही. फ्रॅटर्निटीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

शेवटी बिडच्या कागदाबद्दल. बिड मिळाली म्हणजे तिथल्या तिथे सही करायची नसते. निदान दोन-तीन दिवस मागा. सही केल्यावर इनिशिएशनआधी सोडलंत तर साध्या ईमेलने सोडता येतं, पण त्या कॅम्पसवर लगेच दुसऱ्या चॅप्टरची बिड घेता येते की ठरावीक काळ थांबावं लागतं ते विद्यापीठाच्या इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिलला विचारा. इनिशिएशन झालं की मात्र सदस्यत्व आयुष्यभराचं धरलं जातं. नंतर राजीनामा दिला तरी दुसऱ्या सोशल फ्रॅटर्निटीचं दार सहसा बंद होतं. म्हणून मनात शंका असेल तर ती इनिशिएशनच्या आधीच्या आठवड्यात स्वतःशी मोकळेपणाने तपासा, आणि उत्तर नकारार्थी आलं तर विधीच्या आदल्या दिवशी कळवायलाही संकोचू नका.